पारपत्राची मुदत आणि विलंबाचा हिशेब

पालघर तालुक्याच्या दक्षिण टोकास, वैतरणा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, दातिवरे हे गाव वसले आहे. खाडीच्या पलीकडे अर्नाळा आणि आतल्या बाजूस पश्चिम रेल्वेचे सफाळे स्थानक, अशी त्याची स्थूल चतुःसीमा सांगता येईल. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या नाखव्यास पारपत्राची गरज भासत नाही. परंतु त्याच किनाऱ्यावरील एखादा तरुण व्यापारी जहाजावर नोकरीस लागला, अथवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत हात तयार झालेला कारागीर आखाती देशांत कामास निघाला, की हीच लहानशी पुस्तिका त्याच्या उपजीविकेचे पहिले साधन होऊन बसते. हौसेने प्रवास करणाराचे पारपत्र उशिरा आले तर त्याची सहल लांबणीवर पडते. या तरुणाचे उशिरा आले तर जहाज निघून जाते, आणि त्याबरोबर वर्षाची कमाईही जाते.

पारपत्राची मुदत संपत आली असता नवे मिळण्यास विलंब का होतो, तो कोणत्या टप्प्यावर होतो, त्या विलंबाविषयी कायदा काय म्हणतो आणि त्याचा हिशेब कसा करावा, या प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१. परवान्याची जुनी परंपरा

समुद्रावर निघण्यापूर्वी सत्ताधाऱ्याचा कागद जवळ असावा, ही कल्पना या किनाऱ्यास नवी नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, ती १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. त्या काळात अरबी समुद्रात फिरणाऱ्या देशी जहाजांना पोर्तुगीजांकडून ‘कार्ताझ’ नामक परवाना घ्यावा लागे. जहाजाचा तांडेल कोण, माल कोणता, जाण्याचे ठिकाण कोणते, शस्त्रे किती, याची नोंद त्यात असे. आणि तो नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे. विजापूरकर व मोगल यांच्या जहाजांनाही ही परवानगी चुकली नव्हती. मात्र कार्ताझ हा जहाजाचा होता, माणसाचा नव्हता.

प्रत्येक प्रवाशाने स्वतःच्या ओळखीचा कागद बाळगलाच पाहिजे, हा दंडक हिंदुस्थानात पहिल्या महायुद्धाच्या काळात भारत संरक्षण कायद्यान्वये आला. युद्ध संपले तरी दंडक राहिला. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे परिषद भरली व पारपत्राची पुस्तिका सर्व देशांत एकसारखी असावी असे ठरले. त्याच साली हिंदुस्थानातही पारपत्राचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे हे काम केंद्र सरकारच्या वतीने राज्ये पाहात असत. १९५४ साली मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास व नागपूर येथे पहिली पाच प्रादेशिक कार्यालये स्थापन झाली. तात्पर्य, युद्धकाळापुरती म्हणून आलेली एक खबरदारी शांततेच्या काळात नित्याची व्यवस्था होऊन बसली.

२. नूतनीकरण नव्हे, पुनर्निर्गम

लोकव्यवहारात ‘पासपोर्ट रिन्यू करणे’ असे म्हटले जाते. पूर्वी हे शब्द यथार्थ होते; जुन्याच पुस्तिकेत शिक्का मारून मुदत वाढविली जात असे. आज पूर्ण मुदतीचे पारपत्र संपत आले, की त्याची मुदत वाढत नाही. जुने रद्द होते आणि नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका दिली जाते. यास पुनर्निर्गम म्हणावयाचे. काही कारणाने मूळचेच अल्प मुदतीचे पारपत्र दिले असेल, तर त्याची मुदत वाढविण्याची तरतूद कायद्यात आहे. पण तो अपवाद होय.

हा केवळ शब्दांचा भेद नाही. शिक्का मारणे हे एका हाताचे काम होते. नवी पुस्तिका देणे म्हणजे जवळजवळ नवा अर्ज होय. छायाचित्र, बोटांचे ठसे, कागदपत्रांची तपासणी, आवश्यक तेथे पोलिसांची चौकशी, छपाई व टपाल हे सारे टप्पे पुन्हा येतात. शिवाय क्रमांक बदलल्यामुळे ज्या ज्या कागदावर जुना क्रमांक नोंदला असेल तेथे तेथे दुरुस्ती करावी लागते. जुन्या पुस्तिकेत एखाद्या देशाचा व्हिसा शिल्लक असेल तर ती पुस्तिकाही नव्याबरोबर जपून ठेवणे इष्ट ठरते.

प्रौढांच्या सामान्य पारपत्राची मुदत दहा वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी एक वर्षापर्यंत पुनर्निर्गमासाठी अर्ज करता येतो. छत्तीस पृष्ठांच्या पुस्तिकेचे शुल्क रु. १,५०० आहे, तत्काळ सेवेसाठी आणखी रु. २,००० भरावे लागतात. नव्या पारपत्राची दहा वर्षे मात्र ते दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात. जुन्याची जी मुदत उरली असेल ती नव्यात मिळविली जात नाही. याचा परिणाम असा, की जो दक्ष अर्जदार दहा महिने अगोदर अर्ज करतो त्याची शिल्लक मुदत वाया जाते आणि जो शेवटच्या महिन्यापर्यंत थांबतो त्याचे काही जात नाही. दक्षतेस दंड व दिरंगाईस सूट, असा हा नियमाचा अनपेक्षित कल होय. आणि पुढे ज्या गर्दीचा विचार करावयाचा आहे, तिचे एक मूळ येथे आहे.

३. छापील मुदत आणि खरी मुदत

पारपत्रावर छापलेली अखेरची तारीख ही त्याच्या उपयोगाची अखेरची तारीख नव्हे. संयुक्त अरब अमिरात, सिंगापूर इत्यादी अनेक देश प्रवेशाच्या वेळी पारपत्राची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. युरोपातील शेंगेन देशांचा नियम असा, की तेथून परत निघण्याच्या दिवसानंतर आणखी तीन महिने ते वैध असावे. म्हणजे दहा वर्षांच्या पुस्तिकेचा उपयोग पुष्कळ प्रवाशांच्या बाबतीत साडेनऊ वर्षांतच संपतो.

दर्यावर्दी मनुष्याच्या बाबतीत ही वजाबाकी आणखी मोठी होते. त्याजजवळ पारपत्राखेरीज नाविकाचे सेवापुस्तक, ज्यास बोटीवरचे लोक ‘सीडीसी’ म्हणतात, तेही असावे लागते. जहाजावरील करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात. करार चालू असताना समुद्रावर नवे पारपत्र मिळण्याची सोय नसते. म्हणून संपूर्ण करार व त्यापुढे काही महिने पुरेल इतकी मुदत असल्यावाचून कंपनी त्यास घेत नाही.

दातिवरे येथील एखाद्या तरुणाचे उदाहरण कल्पावे. त्याच्या पारपत्राची मुदत येत्या ३० जूनला संपणार आहे, आणि त्याआधीच्या १ नोव्हेंबरपासून नऊ महिन्यांचा करार त्यास मिळत आहे. हा करार ३१ जुलैला संपेल. म्हणजे पारपत्र वाटेतच, बोटीवर असतानाच मृत होईल. करारापुढे सहा महिने हवे म्हटले तर मुदत निदान त्यापुढील जानेवारी अखेरपर्यंत पाहिजे. तेव्हा नवी पुस्तिका १ नोव्हेंबरपूर्वी हातात पडणे अवश्य आहे. इकडे मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष, म्हणजे जून अखेरीच्या सुमारास, अर्जाचे दार उघडते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर एवढे चारच महिने त्याच्या हाती आहेत. कागदावर आठ महिने मुदत शिल्लक दिसत असताना हा मनुष्य वस्तुतः अखेरच्या घटकेला येऊन ठेपलेला असतो.

या हिशेबाचे कठोर प्रत्यंतर करोनाच्या साथीत आले. बंदरे बंद झाल्यामुळे १९२० नंतरच्या शंभर वर्षांत कोणी कल्पिले नसेल असे घडले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० च्या अखेरीस सुमारे चार लक्ष खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते. समुद्रावर मुदती संपत होत्या आणि कार्यालये मात्र जमिनीवर होती.

४. विलंब कोठे होतो

अर्जाचा प्रवास चार टप्प्यांत होतो आणि प्रत्येक टप्प्याची अडचण निराळी आहे.

पहिला टप्पा भेटीच्या वेळेचा. संगणकावर अर्ज भरून शुल्क भरल्यावर सेवा केंद्रात येण्याची तारीख मिळते. मागणी वाढली की सर्वांत आधी ही तारीख लांबते. २०१० सालापासून पारपत्र सेवा केंद्रांची नवी व्यवस्था सुरू झाली. २०१७ च्या जानेवारीत म्हैसूर व दाहोद येथे टपाल कार्यालयातील पहिली केंद्रे निघाली आणि पुढे देशभर अशी चारशेहून अधिक केंद्रे झाली. २०१८ पासून अर्जदारास देशातील कोणत्याही प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत अर्ज करण्याची मुभा मिळाली. आडबाजूच्या गावातील मनुष्यास या मुभेचे मोल मोठे आहे. जवळच्या केंद्रात महिनाभर वेळ नसेल आणि दूरच्या केंद्रात आठवड्यात मिळत असेल, तर रेल्वेच्या तिकिटाचे पैसे खर्चूनही दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

दुसरा टप्पा केंद्रातील तपासणीचा. छायाचित्र व ठसे घेणे हे काम कंपनीचे कर्मचारी करतात. कागदपत्रांची खातरजमा व मंजुरी सरकारी अधिकारी देतात. येथे अर्ज अडतो तो बहुधा नावामुळे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि जुन्या पारपत्रावर तिसरे, असे नावाचे वर्णविन्यास असतात. लग्नानंतर सासरचे नाव लावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष घडते. २०१६ च्या डिसेंबरात नियम पुष्कळ सैल करण्यात आले व विवाहाच्या दाखल्याची सक्तीही गेली. तथापि कागदांचा एकमेकांशी मेळ असण्याची अपेक्षा कायमच आहे.

तिसरा टप्पा पोलिसांच्या चौकशीचा. पुनर्निर्गमाच्या प्रत्येक प्रकरणी चौकशी होतेच असे नाही. पूर्वीची चौकशी निर्वेध असेल व तपशिलात बदल नसेल, तर ती वगळता येते किंवा पारपत्र दिल्यानंतर केली जाते. परंतु दहा वर्षांत मनुष्याचा पत्ता बदललेला असतो. गावी घर, वसई-विरारकडे भाड्याची खोली आणि वर्षातील नऊ महिने बोटीवर, अशा माणसाचा ‘सध्याचा पत्ता’ कोणता, याचे उत्तर सोपे नाही. पोलीस दारी येतात तेव्हा तो घरी नसतो. किनाऱ्यावरील वस्त्यांत एकाच आळीत एकाच आडनावाची अनेक घरे असतात, ही अडचण आणखी निराळीच. प्रतिकूल किंवा अपुरा अहवाल गेला की प्रकरण फिरून मागे येते.

चौथा टप्पा छपाई व टपालाचा. कोऱ्या पुस्तिका नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात. अर्जदाराचा तपशील नंतर त्यांवर उमटविला जातो आणि पुस्तिका टपालाने घरी येते. हा टप्पा सामान्यतः थोडक्या दिवसांचा. तरी पत्ता अपुरा असेल तर पुस्तिका येथूनही परत जाऊ शकते.

५. गर्दीचे अंकगणित

विलंब एकदा सुरू झाला की कारण नाहीसे झाल्यावरही तो टिकतो. लोकांना याचे आश्चर्य वाटते. पण त्यामागे साधे अंकगणित आहे. एखादे केंद्र रोज १०० अर्ज निकालात काढू शकते आणि रोज ९० अर्ज येतात, अशी कल्पना करावी; तेथे रांग लागत नाही. काही कारणाने साठ कामाचे दिवस रोज १५० अर्ज आले तर ३,००० अर्ज तुंबतात आणि नव्या अर्जदारास तीस दिवस थांबावे लागते. आता मागणी पूर्ववत् ९० वर आली, तरी तुंबलेल्यांपैकी रोज केवळ दहाच कमी होतील. म्हणजे साठ दिवसांच्या गर्दीचा निचरा होण्यास तीनशे कामाचे दिवस, सुमारे एक वर्ष लागेल.

जगात याचे दाखले विपुल आहेत. अमेरिकेत २००७ च्या जानेवारीपासून कॅनडा, मेक्सिको व कॅरिबियन बेटांकडील विमानप्रवासासही पारपत्र आवश्यक झाले. अर्जांचा इतका लोंढा आला की जून महिन्यात तो नियम तात्पुरता शिथिल करावा लागला. २००७ साली दिलेली ती पारपत्रे दहा वर्षांनी एकदमच संपणार हे ओळखून तेथील परराष्ट्र खात्याने २०१६ सालीच लोकांना लवकर अर्ज करण्याचा इशारा दिला. ब्रिटनमध्ये साथीच्या काळात पन्नास लक्षांहून अधिक लोकांनी नूतनीकरण पुढे ढकलले होते. प्रवास खुला होताच २०२२ साली ते सारे एकदम आले व दहा आठवड्यांची मुदत धरून चला असे सांगण्याची पाळी आली. भारतातही २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत् झाली आणि साठलेली मागणी एकाच वर्षात उफाळून आली. परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या पोलीस निर्वेध दाखल्याची गर्दी हटविण्याकरिता त्याच वर्षीच्या २८ सप्टेंबरपासून टपाल कार्यालयांतील केंद्रांतही ती सोय करण्यात आली.

या दाखल्यांतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नव्या अर्जदारांची संख्या सांगता येणे कठीण आहे. पण पुनर्निर्गमाची मागणी ही अज्ञात वस्तू नाही. आज दिलेल्या प्रत्येक पारपत्राची अखेरची तारीख सरकारच्या दप्तरी आजच नोंदलेली असते. पुढील कोणत्या वर्षी किती पुस्तिका संपणार याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. म्हणून पुनर्निर्गमातील विलंब हे दैवी संकट नव्हे. तो बहुतांशी आगाऊ दिसणारा, म्हणून आगाऊ टाळता येणारा विलंब आहे.

तत्काळ सेवा हा यावरील पूर्ण उपाय नाही. केंद्राची एकंदर शक्ती तीच राहिली, तर काहींना पुढे घेणे म्हणजे इतरांना मागे ढकलणे होय.

६. नकार आणि विलंब

कायद्याच्या दृष्टीने या विषयाचे मर्म येथे आहे. १९६७ सालापर्यंत पारपत्र देणे न देणे हा सरकारच्या मर्जीचा प्रश्न समजला जाई. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला, की परदेशगमनाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सबब कायद्यावाचून तो हिरावून घेता येत नाही. त्याच वर्षी २४ जून रोजी पारपत्र अधिनियम अस्तित्वात आला. पुढे २५ जानेवारी १९७८ रोजी मेनका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. केवळ कायदा असून भागत नाही. त्याने घालून दिलेली कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्या खटल्याचे निमित्तही, पारपत्र कारण न देता ताब्यात मागितले, हेच होते.

अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्याने आवश्यक ती चौकशी करून पारपत्र द्यावे अथवा लेखी आदेशाने नाकारावे. नाकारल्यास कारणे नोंदवावी. कोणत्या कारणांसाठी नाकारता येईल हे सहाव्या कलमात मोजून दिले आहे. अकराव्या कलमाने त्या आदेशावर अपील करता येते. ही रचना नकारापुरती उत्तम आहे. परंतु निर्णय किती दिवसांत द्यावा याविषयी पाचवे कलम मौन पाळते. अर्ज नाकारला तर आदेश असतो, कारणे असतात, अपील असते. अर्ज नुसता पडून राहिला तर आदेशच नसतो. आणि आदेश नाही तेथे अपील कशावर करावयाचे? बोट चुकलेल्या मनुष्यास नकार व विलंब यांचे फळ एकच मिळते. कायद्यापुढे मात्र नकार ही घटना आहे आणि विलंब ही केवळ परिस्थिती आहे.

अशा वेळी दोन मार्ग उरतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर व का थांबला आहे हे विचारता येते, आणि त्याचे उत्तर तीस दिवसांत देण्याचे बंधन आहे. जेथे पारपत्र-कायदा कालमर्यादा घालीत नाही, तेथे दुसऱ्या कायद्याची ही मर्यादा उपयोगी पडते. त्यापुढील मार्ग उच्च न्यायालयाचा. घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली न्यायालय अधिकाऱ्यास ठरावीक मुदतीत निर्णय घेण्याचा आदेश देऊ शकते. परंतु सफाळ्याहून गाडी पकडून मुंबईस वकील गाठणे प्रत्येकाच्या आवाक्यातील नाही, हे उघड आहे.

७. उपसंहार

यावरून व्यवहाराचा निष्कर्ष असा निघतो, की ज्याची उपजीविका पारपत्रावर अवलंबून आहे त्याने छापील तारखेपासून पुढे न पाहता मागे मोजावे. प्रथम सहा महिने वजा करावे; मग होऊ घातलेल्या कराराचे महिने वजा करावे; मग अर्जाच्या चार टप्प्यांसाठी निदान तीन महिने वजा करावे. जो दिवस येईल तोच अर्जाचा दिवस होय. तो एक वर्षाच्या दारापूर्वीचा निघाला, तर दार उघडेल त्या पहिल्या दिवशी अर्ज करावा व मधला करार आखूड घ्यावा. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरची माणसे घरी असतात. नावांचा मेळ घालणे, पत्त्याचा पुरावा ताजा करणे, पोलीस येतील तेव्हा शेजारी कोण साक्ष देईल हे ठरविणे, ही कामे त्या दिवसांत उरकून घेण्यासारखी आहेत.

तथापि सगळा भार अर्जदारावर टाकून हा प्रश्न सुटत नाही. शिल्लक मुदत नव्या पुस्तिकेत मिळविण्याची सवलत दिली, तर लोक आपण होऊन लवकर येतील व गर्दी वर्षभर विभागली जाईल. मुदत संपणाऱ्या पुस्तिकांचा दरसाल आगाऊ ताळेबंद मांडला, तर केंद्रांची शक्ती वेळेवर वाढविता येईल. आणि निर्णयास कायद्यानेच कालमर्यादा घातली, तर ती मर्यादा उलटणे हाच आदेश मानून अपिलाचे दार उघडता येईल. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही. ज्या हक्कास न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्याच्या पंक्तीस बसविले, तो हक्क तारखेवाचून राहू नये, इतकेच त्यासाठी मान्य करावे लागेल.